भोजूची काळी स्लाइड

मीटिंग सहाची होती. चिचगडकडची गावं आपापल्या ग्रामपंचायतीत टीव्हीसमोर बसली होती, शाळेच्या नोकरीसाठी मी राहतो त्या मुर्रीला मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, आणि ज्यानं बोलायचं होतं त्या भोजराजचा चौकोन तेवढा पडद्यावर आला नव्हता. नेटवर्क नसेल म्हणून सगळे थांबले. मग माझा फोन वाजला. आमच्याच गावचा माणूस होता. "गुरुजी, भोजू तारेले चिपकला." मी विचारलं, "कोणाच्या?" जगला की गेला हे मी विचारलं नाही. आमच्याकडे तारेला चिकटलेल्या माणसाबद्दल ते विचारावं लागत नाही...

धानाच्या बांधीत रानडुकरं शिरतात, म्हणून लोक शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उघडी तार ओढतात आणि अंधार पडला की तिच्यात करंट सोडतात. डुक्कर मरतं, गाय मरते, कधी शेजारी मरतो. भोजू माझा बालमित्र. चिचगडला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. एकदा अशा तारेवरचा माणूस त्यानं वाळक्या लाकडानं ढकलून सोडवला, तर त्या माणसाच्या तळपायाचं कातडं तारेवरच राहिलं. त्यानंतर भोजूनं तारेशी वैरच धरलं. मुळातच तापट गडी. कबड्डीत समोरच्याचा दात पाडून वर त्यालाच शिव्या देणारा. एका गावात त्यानं दिसलेली तार पकडीनं तोडली आणि लोकांनी त्याला काठ्यांनी झोडपलं. डोक्याला टाके पडले. "मार खाऊन तार निंगत नाई बे," तो मला म्हणाला आणि पंचायतींना ऑनलाइन जोडून बोलायला लागला.

पहिली मीटिंग मी पाहिली. स्लाइडवर मुंगीएवढी अक्षरं, कायद्याची कलमं, आणि हा पठ्ठ्या खाली मान घालून सगळं वाचून दाखवतोय. एका गावात लोकांनी टीव्हीवर क्रिकेट लावलं. नंतर मी म्हणालो, "भोजू, मलासुद्धा झोप आली." त्यानं मला अर्धा तास शिव्या घातल्या. पुढच्या वेळी मात्र पाहिलं तर अक्षर नावालाही नव्हतं. एका स्लाइडवर एकच फोटो, तोही इतका हलका केलेला की आमच्या रडक्या नेटवर्कमध्ये अडकू नये. सुरुवातीला एकेका गावाचं नाव घेऊन विचारायचा, "दिसून राहिलं का?" सगळीकडून हो आल्याशिवाय पुढे जायचा नाही. फोटो लावला की गप्प. करपलेलं डुक्कर... गप्प. तोंडातून फेस आलेली गाभण म्हैस... गप्प. मग माणसाची वितळलेली चप्पल. मेलेल्याचा चेहरा तो कधीच दाखवत नसे. बोलायचा ते कॅमेऱ्याकडे पाहून, त्यामुळे टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला वाटायचं की हा माझ्याच डोळ्यात बघतोय.

शेवटची स्लाइड पूर्ण काळी असायची. ती आली की कुणीतरी हमखास ओरडायचं, "बंद झालं जी." भोजू म्हणायचा, "बंद नाई झालं. हा फोटो यायचा आहे. तुमच्या गावचा." मग तो स्क्रीन तशीच ठेवायचा. कुणीतरी बाक सरकवायचं, कुणी खोकायचं. बऱ्याच गावांतल्या तारा त्या काळ्या स्लाइडनंतर निघाल्या. आमच्या गावातल्या तेवढ्या निघाल्या नाहीत. "घरचेच ऐकत नाईत," म्हणायचा आणि दात खायचा.

त्या संध्याकाळी तो दुकान बंद करून उशिरा गावाकडे निघाला आणि मीटिंग चुकू नये म्हणून रस्ता सोडून धुऱ्यावरून आला. ती बांधी सदारामची, भोजूच्या चुलतभावाची. सदाराम एरवी अंधार पडल्यावर करंट सोडायचा. त्या दिवशी त्याला भोजूची मीटिंग ऐकायची होती, म्हणून उजेड असतानाच करंट सोडून आला. भोजू तारेवर जळत होता तेव्हा सदाराम पंचायतीत पहिल्या बाकावर बसून त्याची वाट पाहत होता.

मी गावी पोचलो तेव्हा पोलीस यायचे होते. सदाराम गर्दीत रडत उभा होता. मी सरळ जाऊन त्याच्या थोबाडीत मारली, तो पडल्यावर लाथाही मारल्या. लोकांनी मला ओढून काढलं तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पुढची मीटिंग मी घ्यायची ठरलं. भोजूचा एक चांगला फोटो द्या म्हणून मी त्याच्या बायकोकडे, निर्मलावहिनींकडे गेलो. त्या आत गेल्या आणि पिशवीतून त्याची चप्पल घेऊन आल्या. अंगठ्याची जागा जळून आत गेलेली, रबराचा वास अजून तसाच.

"याचा फोटो काढा, भाऊजी."

"वहिनी, त्याचा चेहरा..."

"चेहरा कायले? चेहरा पाहून लोक रडतेत. तार काढत नाईत."

मीटिंग आमच्याच पंचायतीतून घेतली. सदारामचे वडील, दशरथकाका, मागे भिंतीला टेकून बसले होते. मी गावांची नावं घेतली आणि विचारलं, "दिसून राहिलं का?" डुक्कर, म्हैस, ती जुनी चप्पल, आणि मग भोजूची. त्यानंतर काळी स्लाइड लावली. या वेळी बंद झालं असं कुणीही म्हणालं नाही.

दशरथकाका भिंतीला धरून उठले. "गुरुजी, पोलिसांनी एकच तार नेली," ते म्हणाले. "आमच्या खालच्या बांधीत दुसरी आहे. चालू आहे."

ते काठी टेकत बाहेर पडले आणि त्यांच्यामागे बाकं सरकवत लोक उठू लागले. मी स्क्रीनला हात लावला नाही.