बशीतलं पाणी

दर शुक्रवारी डासांच्या अळ्या तपासायला येणाऱ्या आरोग्यसेविका सुनंदाताईंनी आज मनीप्लांटच्या कुंडीखालची बशी उचलली आणि बाल्कनीतल्या तापलेल्या फरशीवर उपडी केली. अळ्या क्षणभर वळवळल्या आणि पाण्याबरोबरच सुकल्या. मी बघत राहिले. गेल्या वर्षी डेंग्यूनं माझ्या मुलीच्या प्लेटलेट्स उतरत होत्या, तेव्हा दवाखान्यातल्या बाकावर बसून मी जगातल्या एकूण एक डासाचं वाटोळं मागितलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणूनच सकाळी पेपरात वाचलेलं मी त्यांना उत्साहानं सांगितलं. प्रयोगशाळेत नर डासांची जनुकं बदलतात आणि त्यांना मोकळं सोडतात. नर काही चावत नाहीत. त्यांच्यापासून होणाऱ्या माद्या मात्र अळी असतानाच मरतात, नुसते नर जगतात.

"म्हणजे तिथंही पोरीच मारायच्या," मान वर न करता सुनंदाताई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. डास तो डास, हे मलाही कळतं. उद्या ते नर आमच्या गल्लीत सोडले, तर मी खिडकी उघडीच ठेवीन. पण मुलगी वाढण्याआधीच तिचा बंदोबस्त करायचा, हे आपल्या हातांना इतकं सवयीचं आहे, की माझा उत्साह तिथंच ओसरला.

फॉर्म भरताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात लहान कोण?"

"मुलगी," मी म्हटलं.

त्यांनी बशी पुसून पालथी ठेवली.

"जपा," म्हणाल्या.