शेजारच्या काकूंची झेंड्याची बिस्किटं

दुसऱ्याच्या देशाच्या राष्ट्रीय दिनाला सोवळं पाळणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नव्वदच्या दशकात आम्ही बहारीनला अरादमध्ये राहायचो, तेव्हाच्या आमच्या शेजारच्या काकू. मूळच्या देवगडच्या. काका एसी दुरुस्त करायचे आणि उरलेल्या जगाच्या दुरुस्तीचं खातं काकूंकडे होतं. रस्त्यात एखाद्या अनोळखी अरबाला थांबवून, "यल्ला, बटण लाव, थंडी आसा," असं त्या खुशाल सांगायच्या. तोही मुकाट्याने बटण लावायचा! मी थक्क होऊन बघत राहायचे.

डिसेंबरात राष्ट्रीय दिन आला की काकूंच्या अंगात यायचं. अदलिया भागात एका इंग्रज मडमेकडे काम करताना त्या एक बिस्कीट शिकल्या होत्या. लोण्यात मळलेल्या दोन खुसखुशीत चकत्या, मधे जॅम, वर पांढरं आयसिंग. मडम ती आपल्या राणीच्या सोहळ्याला करायची. काकूंनी राणीला रजा दिली आणि आयसिंगवर जॅमनेच बहारीनच्या झेंड्याचे लाल दाते काढले, आगपेटीच्या काडीने, श्वास रोखून. "जेच्या देशात जेवतंव, तेचो सण करूक नको?" हे त्यांचं म्हणणं. आणि सणाचं म्हणजे नैवेद्याचं. चाखणं सोडाच, वासही घ्यायचा नाही.

त्या वर्षीचा नैवेद्य होता खालच्या मजल्यावरच्या अरब घरमालकीण आजींसाठी. उन्हाळ्यात त्यांचा नवरा गेला. तेव्हापासून आजींनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं आणि चहात बुडवलेल्या खुबुजापलीकडे, म्हणजे तिथल्या रोटीपलीकडे, काही पोटात जात नव्हतं. सून हवालदिल झालेली. "आज ती खातली म्हणजे खातली," काकूंनी जाहीर केलं. दुकानातला जॅम झेंड्याइतका लाल नाही, म्हणून गावाहून आलेली कोकम सरबताची बाटली त्यांनी त्यात ओतून आटवली.

ताट घेऊन आम्ही खाली गेलो. आजींनी सुनेच्या आग्रहाखातर एक घास घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "मिलह! मिलह!" त्या ओरडल्या. "नमक बोल रही है," सून पुटपुटली. काकूंनी कपाळावर हात मारला. गावाहून बाटल्या दोन आल्या होत्या, आणि ही सरबताची नव्हती, आगळाची होती. मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची. आजींनी उरलेला तुकडा सरळ काकूंच्या तोंडात कोंबला. काकूंचं तोंड असं काही वाकडं झालं की आजी खो खो हसत सुटल्या. काकूही हसल्या. हसता हसता आजींना हुंदका फुटला आणि नवऱ्याचं नाव घेऊन त्या मोठ्याने रडू लागल्या.

सून पुढे धावली. काकूंनी तिला हातानेच थांबवलं आणि आजींना जवळ घेतलं. काकूंचं अरबी खलास-मफीपुढे, म्हणजे 'संपलं' आणि 'नाही'पुढे, जात नव्हतं. त्या म्हणाल्या, "रड गो बाय, रड. मी आसंय हंय." मालवणीचा एक शब्दही न येणाऱ्या आजी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी सुनेकडे जेवायला मागितलं.

काकूंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. इतक्या हक्काने रडायला सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.