वामनरावांच्या मिशा आणि झाडचिचुंद्री

एटापल्लीचे वामनराव जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण स्वस्थ बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. हिवाळा लागला की डोक्याला मफलर, खांद्याला पिंजरे आणि स्वारी जंगलात. आधी पाखरं बघायची. मग पिंजऱ्यात आलेले उंदीर, चिचुंद्र्या तोलायच्या, ओळखीसाठी पाठीवरचे चार केस कातरायचे आणि जागच्या जागी सोडायचं. एका विद्यापीठाच्या पाहणीसाठी तशी रीतसर परवानगी होती.

यंदा त्यांनी ध्यास घेतला झाडचिचुंद्रीचा. दिसायला खार, पण पाठीवर पट्टे नाहीत आणि तोंड हे लांबलचक. चहाच्या टपरीवर कुणाचा विश्वास बसेना.

“संक्रांतीपर्यंत जिवंत दाखवतो, नाहीतर मिशा उतरवतो!” वामनराव गरजले. त्या मिशांना खोबरेल लावल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत.

शेजारचा सलूनवाला लच्छू खूश झाला. “फोटो नाई चालत जी, सर. मोबाईलमंधी तं डायनासोर बी दिसते!”

झालं. बायकोने, सत्यशीलाबाईंनी, केलेले तिळाचे लाडू रोज पिंजऱ्यात जाऊ लागले. उंदीर गलेलठ्ठ झाले. झाडचिचुंद्रीचा पत्ता नाही.

आणि ऐन संक्रांतीच्या सकाळी सापडली! वामनराव आनंदाने चक्क नाचले. लच्छूला फोन लावला, तर रेंज गायब. पिंजरा टपरीवर न्यावा, तर नियम आडवा. मंडळींना बोलवायला जावं, तर ते इवलंसं जनावर थंडीने लटलट कापतंय. फार वाईट वाटलं त्यांना, मिशांचंही आणि तिचंही. शेवटी तिच्या पाठीवरचे केस कातरले आणि दार उघडलं.

दुपारी टपरीवर, भर गर्दीत, लच्छूने मिशा उतरवल्या. घरी गेले तर सत्यशीलाबाईंनी दारातच विचारलं, “कोन पायजे जी?”

दुसऱ्या सकाळी पिंजऱ्यात तीच बया! पाठीवर कातरलेली खूण, तोंडाला तीळ. सोडली. तिसऱ्या सकाळी पुन्हा हजर. लाडवाची चटकच लागली होती तिला. मग काय, पुढच्या सकाळी लच्छूसकट अख्खी टपरी जंगलात आली.

लच्छू पिंजऱ्यापुढे उकिडवा बसला. एकदा तिची पाठ बघितली, एकदा सरांचा ओठ.

“खरंच हाये जी, सर. पन हिचे केस तं तुमच्या मिशीच्या आधी येतीन.”

वामनरावांनी झाडचिचुंद्रीला एक शेलकी शिवी हासडली, तिला सोडलं आणि पिंजऱ्यात नवा लाडू ठेवला.