काकांची होडी, काकूंची विमानं

२००६ सालच्या जुलैत मी होडीत राहून विमानं बघितली. कुणाला सांगितलं की आधी समोरचा हसतो, मग विचारतो, "म्हणजे नक्की काय केलंत?"

नेपरव्हिलला येऊन मला तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरी करायची परवानगी नव्हती. नागपूरला मी कॉलेजात अकाउंट्स शिकवायचे. इथे सकाळी नवरा ट्रेनने शिकागोला गेला की घरात मी आणि डिशवॉशरचा आवाज. लायसन्स काढलं होतं, पण गाडी एकच, आणि ती दिवसभर स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभी असायची.

काकू मला मराठी मंडळाच्या एका जेवणात भेटल्या. त्या सत्तरच्या दशकात मुंबईहून आलेल्या बाळंतपणाच्या डॉक्टर, आता रिटायर झालेल्या. उंच, केस बारीक कापलेले, बोलणं तोडून. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "दिवसभर काय करतेस?" मी म्हटलं, "काही नाही." त्या म्हणाल्या, "मग मंगळवारी ये." तेव्हापासून मी त्यांच्याकडे जायला लागले. काकूच मला त्यांच्या गाडीतून घेऊन जायच्या आणि परत सोडायच्या. मधल्या वेळात आम्ही बागेतलं गवत उपटायचो, भाज्या चिरायचो आणि काकांची होडी चुकवत गॅरेजमधून ये-जा करायचो.

होडी म्हणजे ट्रेलरवर चढवून गाडीमागे ओढत न्यायची लहानशी शिडाची होडी. आत एक बुटकी खोली, तिच्यात झोपायच्या फळ्या, एका बर्नरची शेगडी आणि एक एवढंसं सिंक. काका मूळचे सांगलीचे, कृष्णेत पोहत वाढलेले, मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांचा जीव पाण्यात. काकूंचा जीव विमानांत. लहानपणी जुहूला घराच्या गच्चीवरून त्या फ्लाइंग क्लबची छोटी विमानं बघत बसायच्या. विमान चालवायला शिकायचं म्हणाल्या, तर घरच्यांनी मेडिकलला घातलं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पण डोक्यावरून विमान गेलं की बोलता बोलता थांबायच्या.

उलट काका विमानाला घाबरायचे. भारतात जाताना ते आतल्या कडेची सीट घ्यायचे, झोपेची गोळी घ्यायचे आणि खिडकीकडे बघायचे नाहीत. त्यामुळे दोघांनी एक तोडगा काढला होता. विस्कॉन्सिनमध्ये दर उन्हाळ्यात मोठा एअरशो भरतो, आणि त्या गावाला लागून मोठं तळं आहे. हॉटेलं वर्षभर आधी भरलेली असतात. मग काका होडी ओढत न्यायचे, तळ्यात उतरवायचे आणि दोघं तिच्यातच मुक्काम करायचे. काकू रोज बसने एअरशोला जायच्या, काका होडीवर राहायचे. इतक्या वर्षांत ते एकदाही शोला गेले नव्हते.

"या वर्षी तू चल," काकू म्हणाल्या. "मला सोबत होईल. तुझ्या नवऱ्यालाही विचार."

नवऱ्याच्या ऑफिसात नेमकं त्याच वीकएंडला सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. तो म्हणाला, "तू जा यार. मी पिझ्झावर काढतो." त्याच्या आवाजात इतकी सुटका होती की मला थोडा रागच आला. पण मी गेले.

जाताना काका गाडी इतकी हळू चालवत होते की मागून येणारे ट्रक हॉर्न देत होते. तळ्याच्या काठाला उतरता सिमेंटचा रस्ता थेट पाण्यात जातो, तिथे ट्रेलर मागे घ्यायचा असतो. काका रिव्हर्समध्ये, आणि काकू मागे उभ्या राहून हातवारे करत होत्या. "थांबा. आता हळूच. जोर नको, जोर नको! श्वास घ्या!" शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं असावं. काका खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "अगं, मी पेशंट नाही." तेवढ्यात होडी ट्रेलरवरून सुटून अलगद पाण्यावर आली. कोरड्या गॅरेजमध्ये अवजड, ओबडधोबड दिसणारी ती वस्तू पाण्यावर येताच हलकी झाली, मान वळवल्यासारखी वाऱ्याकडे वळली. मी काठावर उभी राहून बघतच राहिले.

धक्क्याला होडी बांधली, डोलकाठी उभी केली. मला पुढच्या टोकाची जागा मिळाली. तिथे फळी निमुळती होत जाते, त्यामुळे दोन्ही पाय एकावर एक ठेवून झोपायचं. पहिल्या संध्याकाळी माझं डोकं छताला किती वेळा आपटलं ते सांगत नाही. पोटातही थोडं ढवळत होतं. काकांनी आल्याचा तुकडा दिला आणि म्हणाले, "लांब बघ. दूरची झाडं हलत नाहीत, त्यांच्याकडे बघ." खरंच बरं वाटलं.

सकाळी मी त्या एका बर्नरवर थालीपिठं लावली. भाजणी काकूंनी घरून आणली होती. जागा इतकी कमी की मी थापायचे, काकू पायरीवर बसून उलटायच्या आणि काका वरून हात खाली घालून ताटली घ्यायचे. शेजारच्या होडीतले आजी-आजोबा वास घेत आले आणि लोण्याबरोबर दोन खाऊन गेले. कितीतरी दिवसांनी मी केलेलं कुणी इतक्या आनंदानं मागून खाल्लं होतं.

मग शाळेच्या पिवळ्या बसमधून आम्ही दोघी शोला. मला वाटलं होतं, दोन-चार विमानं उलटीसुलटी उडतील आणि झालं. पण तिथे गवतावर नजर पोहोचेल तिथवर विमानं. लोकांनी घरी बांधलेली, आजोबांनी मागे ठेवलेली, पंखांखाली तंबू ठोकलेली. त्यांच्या सावलीत लोक खुर्च्या टाकून सँडविच खात होते. काकू प्रत्येकाशी बोलत होत्या. काठी टेकत, कारण आदल्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. दुपारी कसरती सुरू झाल्या तेव्हा त्यांनी काठी गवतावर टाकली आणि दोन्ही हातांनी डोळ्यांवर सावली धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडाकडे बघण्यात माझी निम्मी विमानं बघायची राहिली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्या म्हणाल्या, "आज आपण आधी दुसरीकडे उतरायचं."

जवळच्या एका लहान धावपट्टीवरून सकाळच्या वेळात जुन्या विमानांतून फिरवून आणायचे. दुहेरी पंखांचं, वर उघडं, पिवळं विमान होतं. पुढच्या खळग्यात दोन माणसं शेजारीशेजारी, मागे पायलट.

"काका काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे मी विचारलंच नाही. दर वर्षी विचारते, दर वर्षी ते म्हणतात, बघायला जा, त्या खेळण्यात बसायचं नाही. आणि मी कॅन्सल करते. आता गुडघे साथ देतायत, खुबा नवीन आहे. अजून किती वर्षं थांबू?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला भीती वाटत असेल तर खाली थांब."

भीती वाटत होती. पण बहात्तर वर्षांच्या बाईला एकटीला वर पाठवून खाली थांबायची मला लाज वाटली. पंखावर पाय ठेवून चढायचं होतं. पायलटनं वरून हात दिला, मी खालून आधार दिला आणि काकू आत बसल्या. डोक्यावर कातडी टोपी, डोळ्यांवर गॉगल, कमरेला पट्टा. एकमेकींकडे बघून आम्ही खूप हसलो.

विमान जमिनीवर धावताना इतकं थरथरलं की माझे दात वाजले. मग थरथर एकदम थांबली आणि खालचं गवत दूर गेलं. तोंडावर वारा असा आदळत होता की श्वास आत घ्यायला मान वळवावी लागत होती. मक्याची शेतं, लाल कोठारं, एक चर्च, गाड्यांनी चमकणारा रस्ता. नंतर तळं आलं, हिरवट तपकिरी, समुद्रासारखं पसरलेलं. काकूंनी मागे वळून पायलटला खाली बोट दाखवलं आणि गोल फिरवायची खूण केली. त्यानं पंख कलता केला. मी डोळे मिटून घेतले. काकूंनी दंडाला धरून हलवलं, तेव्हा उघडले.

खाली धक्का होता, आणि होड्यांच्या रांगेत आमची होडी. आडव्या दांडीवर काकूंचा लाल टॉवेल वाळत होता, त्यावरून ओळखली. काका बादली घेऊन उभे होते. त्यांनी वर बघितलं. काकूंनी अख्खा हात बाहेर काढून हलवला. क्षणभर काही झालं नाही. मग काकांनी बादली खाली ठेवली आणि हात वर केला.

खाली उतरल्यावर काकू थेट बाकाकडे गेल्या. बाकावर बसून त्यांनी गॉगलचा वळ चोळला आणि म्हणाल्या, "आइस्क्रीम खाऊ या."

संध्याकाळी परतलो तेव्हा काका चहा करत होते. कप हातात देताना म्हणाले, "आज गंमत झाली. एक पिवळं विमान अगदी खाली आलं होतं. आतली माणसं हात करत होती. म्हटलं, कोण वेडे आहेत! पण मीही केला."

काकू हसायला लागल्या. चहा सांडेल म्हणून मी त्यांच्या हातातला कप घेतला. काका गोंधळून आमच्याकडे बघत होते.

"अहो, ती वेडी मीच होते," काकू म्हणाल्या. "आणि ही."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते उठले, बाहेर जाऊन धक्क्याचा दोर तपासू लागले. दोर घट्टच होता. त्यांनी तो सोडला आणि पुन्हा बांधला. मला आत बसवेना आणि बाहेर जायचीही सोय नव्हती, होडीला दारच एक. काकू मात्र शांतपणे चहा पीत होत्या.

थोड्या वेळानं काका दाराशी वाकले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

"आणि मग मी दिवसभर चिडचिड केली असती."

काकांनी यावर विचार केला. "खुबा दुखला का?"

"नाही."

"मी हात केला ना पण?"

"केलात की. चांगला वर केलात."

"मग ठीक आहे," काका म्हणाले आणि आत येऊन बसले. त्यांनी आपल्या हातानं काकूंच्या कपात उरलेला चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर काका धक्क्यावर बूट घालून तयार. इस्त्रीचा शर्ट, टोपी, खिशात कानात घालायचे बोळे. काकूंनी पाण्याची आणखी एक बाटली पिशवीत टाकली. बसमध्ये काका ताठ बसले होते, परीक्षेला निघाल्यासारखे.

शोवर पहिली पंधरा-वीस मिनिटं ते आमच्यामागून, आकाशाकडे न बघता चालले. मग एका जुन्या विमानाच्या इंजिनाचं झाकण उघडलेलं दिसलं आणि ते तिथेच थांबले. त्याचा मालक, एक म्हातारा शेतकरी, खाली पसरट डबा ठेवून ठिबकणारं तेल बघत होता. काकांनी काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं. काका गुडघ्यावर बसले. आम्ही दोघी पुढे गेलो, फिरून आलो, तरी ते तिथेच होते, कोपरापर्यंत बाह्या सारलेले. दुपारच्या कसरती सुरू झाल्या, सगळं मैदान माना वर करून उभं राहिलं. तेव्हा ते दोघं इंजिनात डोकं घालून बसले होते.

"बघितलंत का काही?" परतताना काकूंनी विचारलं.

"अगं, त्या इंजिनाला नऊ सिलिंडर आहेत, गोलात बसवलेले!" काका म्हणाले आणि घर येईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी होडी बाहेर काढून, ट्रेलरवर बांधून, राज्याची हद्द ओलांडून दारात पोहोचेपर्यंत, त्याबद्दलच बोलत राहिले. काकू मधूनमधून "हो का?" म्हणत होत्या. मागच्या सीटवर मी पाय लांब पसरून बसले होते. बाहेर दोन्ही बाजूंना मका होता आणि ऊन तिरपं झालं होतं.

नवऱ्यानं दार उघडलं तेव्हा माझं नाक सोललेलं होतं. त्यानं विचारलं, "कसं झालं?" मी चपला काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. मध्येच तो म्हणाला, "आधी आत तरी ये." मी आत आले आणि सांगतच राहिले. त्यानं वरणभाताचा कुकर लावला होता, त्यातलं आम्ही ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्लं.