साठाचे चोपन्न

शोभावहिनींचा फोन सकाळीच आला. "भाऊजी, हे गेले." एवढंच. आदल्या दिवशी मी माझ्या मित्राला, दिगंबरला, वाशिमच्या दवाखान्यात भेटलो होतो. नर्स म्हणाली, "काका, पलंग डोक्याकडून तीसवर केलाय." त्यानं दचकून माझ्याकडं पाहिलं. "तीस काय?" मी म्हटलं, "अंश." तेव्हा कुठं त्यानं डोळे मिटले... ही भीती त्याच्यात कधी शिरली ते मी पाहिलं आहे.

दिगंबर वाशिमजवळच्या मालेगावात लोखंडी शेडचे, टाक्यांच्या सांगाड्यांचे हिशोब करून द्यायचा. एका वर्षी यात्रेआधी पोहरादेवीच्या रस्त्यावर त्याच्या हिशोबानं स्वागतकमान उभी राहिली. देवीचं नाव बारीक अक्षरांत, वर फ्लेक्सवर पुढारी साहेबांचा चेहरा गोठ्याच्या छपराएवढा. दोन्ही बाजूंना जमिनीशी साठ अंशांत ताणलेल्या तारा. उद्घाटनाला आम्ही खालीच उभे होतो. वारा वाढला, तारा घुमू लागल्या. दिगंबरनं सहज ताणाचा आकडा पुन्हा काढायला कॅल्क्युलेटर उघडला आणि पडदा माझ्यापुढं धरला.

"अरे, हे ग्रेडवर हाये."

पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसा 'जी' होता. बॅगेत बटण कधीतरी दाबलं गेलं असावं. अंशांत काटकोन नव्वदचा, ग्रेडमध्ये शंभरचा. यानं साठ दाबले, यंत्रानं चोपन्न अंश धरले आणि तारेवरचा ताण कमी दाखवला.

"रेडियनवर असतं तं उत्तर उणे आलं असतं, तवाच समजलं असतं. हे खरंच वाटते रे..."

"थोडी जास्तीची ताकद धरली असशील ना?"

"धरली होती. ते सायबाच्या फोटोनं खाल्ली. फोटो हिशोबानंतर वाढवला त्याईनं."

ढोल जवळ येत होते, मागं बायाबापड्यांची रांग. दिगंबर कमानीच्या अलीकडं, रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. एक कार्यकर्ता खेकसला, "काका, बाजूले व्हा, सायेब येऊन राह्यले!"

"माहा हिशोब चुकला. खालून कोनी जाऊ नका."

लोक हसले. मी वर पाहत होतो. चेहऱ्याचा गाल वाऱ्यानं फुगत होता. अखेर साहेब स्वतःच्याच चेहऱ्याकडं बघून थबकले आणि मिरवणूक बाजूच्या वावरातून गेली.

कमान पडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जाड तारा बसवल्या, पण 'कमानीले भ्यालेला इंजिनीअर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. एकदा त्यानं विचारलं, "पडली असती तं लोकाईले पटलं असतं, न्हाई का?" त्या कमानीपासून कोणत्याही हिशोबाआधी, अगदी भाजीच्याही, तो साइन तीस दाबून अर्धा येतो का ते पाही; अर्धा आला तरच यंत्र अंशांवर.

तेराव्यानंतर वहिनींनी कॅल्क्युलेटर मला दिला. "तुमीच ठेवा. मले त्याचं भ्याव वाटते." तो टेबलावर आहे. काल वारा सुटला, पत्रे वाजू लागले. मला काहीच मोजायचं नव्हतं. तरी साइन तीस दाबलं, आणि शून्य पूर्णांक पाच दिसेपर्यंत श्वास सोडला नाही.