धुऱ्यावरचा आवाज

सुधाकरमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीच्या बसस्टँडवर उभी होते. निघाले होते त्यांच्याचकडे, पिशवीत त्यांच्या आवडीचा चिवडा घेऊन... तेरवीनंतर पुन्हा पांढरकवड्याजवळच्या त्यांच्या गावी गेले. संध्याकाळी मामी शेतावर पुढे गेली होती; तिच्यामागून मी पोचते न पोचते, तोच तुरीतून मामाच ओरडले, "हाड्ड! निघा इथून, तुमच्या बापाचं वावर होय काय!" मी तुरीत इकडेतिकडे पाहू लागले. मामी मात्र शांत होती. "भोंगा होय तो," ती म्हणाली. "रोज सांजच्याला मलेच लावा लागते."

रानडुकरांना हाकलायला आमच्याकडे आता बॅटरीचे भोंगे आलेत. गावात सगळ्यांनी मोबाइलवरून वाघाची डरकाळी घेऊन त्यात भरली. चार दिवस डुकरं दबकली, मग डरकाळी ऐकत ऐकत निवांत तूर खाऊ लागली. मामांची हसून पुरेवाट झाली. "अबे, वाघ काय घड्याळ लावून वरडते?" त्यांनी स्वतःचाच आवाज भरला. जन्मभर मचाणावर जागल करून कमावलेला गळा तो! त्यात शिव्या होत्या, खोकला होता, मधेच "चहा झाला काय वं?" अशी मामीला हाकही होती. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, माणूस बसलाय असंच वाटायचं. शिवाय थोड्या थोड्या दिवसांनी ते जुना आवाज पुसून नवा भरत. "ओळख झाली का भेव जाते, पोरी," म्हणत. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, अजून वाटतं.

पण त्यांचा हा शेवटचा आवाजही आता डुकरांच्या ओळखीचा झाला होता. शेंगा भरत आल्या होत्या आणि धुऱ्याकडच्या ओळी आडव्या पडलेल्या. आता नवा भरणं भाग होतं; पण भोंग्यात एकच आवाज राहतो, नवा भरला की जुना गेला. मी घाईने फोन काढला. "मामी, आधी यात उतरवून घेऊ."

"नोको," ती म्हणाली. "फोनात ठेवला त मी दिवसभर तेच आयकत बसीन. मंग वावर कोन पाह्यन?"

तिने भोंगा मांडीवर घेतला. जरा वेळ त्यावरून नुसता हात फिरवला... मग आवाज भरायचं बटण दाबलं, आणि मामांसमोर कधी आवाज न चढवलेली माझी मामी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "हाड्ड! मालक गेला म्हून वावर मोकळं समजू नोका! मी आहो अजून!"