चंद्रभागाबाईंची उताऱ्याची शाळा

निजामाच्या अंमलात हुमनाबादची सरकारी शाळा उर्दूची, तीही पोरांची. म्हणून चंद्रभागाबाईंनी आपल्या ओसरीवर पोरींना मराठी शिकवायला घेतलं. पोरी डझनभर, वाचनपुस्तक मात्र एकच, सोलापूरला छापलेलं. बाईंनी प्रत्येकीला ते वहीत उतरवून काढायला लावलं. एक अक्षर सोडायचं नाही, अशी ताकीद दिली. पोरींनी ती इतकी पाळली, की वहीवर किंमतही आली आणि तिच्याखाली वळणदार अक्षरात, ‘ग्रंथकर्त्याच्या परवानगीवाचून नक्कल करू नये’ हेही आलं.

एके दिवशी ग्रंथकर्तेच आले. भगवंतराव हिप्परगेकर पुस्तक खपवायला गुलबर्ग्याला निघाले होते. बाईंचं नाव ऐकून वाट वाकडी करून आले. आपले धडे पोरींच्या तोंडून ऐकून ते हरखले. मग एक वही उघडली, ती ओळ वाचली, आणि ही चोरी आहे, असं त्यांनी बाईंना सुनावलं.

बाईंना जन्मात कुणी चोर म्हटलं नव्हतं. त्यांना राग आला. विकायला न्हाई, शिकायला उतरवलं. उतरवल्याबिगर पोरींना लिहिता कसं येईल, असं त्यांनी विचारलं. ग्रंथकर्ते पंत ऐकेनात. साऱ्या वह्या हवाली करा म्हणाले. बाईंनी गठ्ठा पुढे ठेवला आणि पोरींतल्या जगदेवीला उभं केलं.

घरी कन्नड बोलणाऱ्या त्या पोरीनं डोळे मिटून सबंध पुस्तक म्हणायला घेतलं, किमतीपासून. ‘नक्कल करू नये’ हेही तालात म्हटलं. मोराच्या धड्यापर्यंत पंतांचे ओठही हलायला लागले.

“वह्या खुशाल न्या,” बाई म्हणाल्या, “पण हे कसं जप्त करायलाव?”

पंत खाली बसले. पोरींना पुस्तकं विकत द्या, आम्ही घेतो, असं बाई म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. सारी पुस्तकं करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर अडकली होती. आत काय लिहिलंय हे तिथल्या शिपायाला वाचता येईना, म्हणून तो सोडेना. गुलबर्ग्याला दाखवायला पंतांजवळ एक प्रतही नव्हती.

शेवटी बाईंच्या पुस्तकावर त्यांनी लिहून दिलं, ‘शिकवण्यापुरती नक्कल करावी, विकू नये’, आणि खाली सही ठोकली. मग जरा अडखळत जगदेवीची वही मागून घेतली, काखोटीला मारली आणि मोटार गाठली.

जगदेवी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून उतरवायला बसली. परवानगीही तिनं सोडली नाही. पंतांची सही मात्र इतकी हुबेहूब उठली, की बाईंनी तेवढी खोडायला लावली.